डोंगराळ बीआरएमचा मार्ग तपासताना घड्याळ कुणाचं लावायचं?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. तिचा मार्ग आधी तपासायला जो जातो तो या कामाला बहुधा नालायक असतो. मीही होतो. पायात दम असतो, रात्रभर झोप झालेली असते, रस्ता स्वतःच आखलेला असल्यामुळे कुठलं वळण चुकत नाही. मग परत येऊन हा गडी सांगतो, "मस्त रूट आहे, जमून जाईल सगळ्यांना." या 'जमून जाईल'वर माझा काडीचा विश्वास नाही. तपासणीची राइड ही कंट्रोल (वाटेतला, ठरलेल्या वेळेच्या आत गाठून कार्डावर नोंद घ्यायचा थांबा) बंद व्हायला पाच मिनिटं असताना धापा टाकत येणाऱ्यासाठी असते.

सायकल, दिवे, ट्यूब, पाणी यांबद्दल सांगत बसत नाही. लांबच्या राइडचा मार्ग तपासायला निघालात म्हणजे तेवढं येतच असणार.

नोंदी बोलून रेकॉर्ड करा, टाइप करू नका. टाइप करायला थांबणारा माणूस दहाव्या फाट्यानंतर कंटाळतो आणि पुढचे वीस फाटे 'लक्षात राहतील' या खात्यात टाकतो. राहत नाहीत. प्रत्येक नोंद किलोमीटरच्या आकड्याने सुरू करा: "सत्तेचाळीस पॉइंट दोन, डावीकडे, पाटी झाडामागे." फोटो काढायचा तर फाट्याच्या पन्नास मीटर अलीकडून काढा. फाट्यावर उभं राहून काढलेला फोटो कुणाच्या कामाचा? येणाऱ्याला तो फाटा तसा दिसतच नाही.

एकूण चढाईचा आकडा सॉफ्टवेअरवरून उचलून जाहीर करू नका. नकाशातला उंचीचा थर जमिनीचा असतो, रस्त्याचा नसतो. त्यामुळे दरीवरचा पूल त्याला दरीत उतरून पुन्हा चढल्यासारखा दिसतो, बोगदा डोंगरावरून गेल्यासारखा, आणि कडा कापून काढलेला सपाट रस्तासुद्धा करवतीच्या दात्यांसारखा. बॅरोमीटरवालं यंत्र बरं, पण तेही हवेच्या दाबावर चालतं. दाब एक हेक्टोपास्कल उतरला तर यंत्राला तुम्ही आठेक मीटर चढल्यासारखं वाटतं, मग तुम्ही झाडाखाली बसलेले का असेनात. निघालात तिथेच परत येणार असाल तर दोन्ही वेळची उंची ताडून बघा. फरक मोठा निघाला तर मधल्या आकड्यांकडेही संशयाने बघा.

आता खरा त्रासाचा भाग. कंट्रोल कुठे ठेवायचा आणि मागचा सायकलस्वार तिथे वेळेत पोचेल की नाही, हे ठरवणं.

नियम सोपा दिसतो. ३०० किलोमीटरला २० तास, ६०० ला ४०. मधल्या कंट्रोलची बंद व्हायची वेळ ६०० किलोमीटरपर्यंत ताशी १५ किलोमीटरने निघते. पहिल्या ६० किलोमीटरला थोडी सवलत आहे: ताशी २० ने हिशेब करून वर एक तास द्यायचा. म्हणजे ३० किलोमीटरला अडीच तास मिळतात, ६० ला चार, आणि तिथून पुढे सवलत संपली. डोंगर पहिल्या तीस किलोमीटरमध्ये असेल तर नियमच तुम्हाला सांभाळून घेतो. साठीनंतरचा डोंगर मात्र कुणाला दयामाया दाखवत नाही, कारण घड्याळाला चढ कळत नाही.

मी एकदा ३०० च्या मार्गावर १०२ किलोमीटरला घाट सुरू होतो तिथून अगदी माथ्यावर, ११२ ला कंट्रोल ठेवला. जागा सुंदर, दोन्हीकडे दऱ्या. हाच माझा पहिला गुन्हा: देखावा बघून कंट्रोल ठरवला. दुसरा गुन्हा हिशेबाचा. मला १०२ पर्यंत ५ तास २४ मिनिटं लागली होती आणि घाट चढायला बरोबर एक तास. मागच्यांना माझ्यापेक्षा १५ टक्के जास्त वेळ लागेल असं धरून मी सगळ्यालाच १.१५ ने गुणलं. १०२ ला ६ तास १३ मिनिटं, माथ्यावर ७ तास २२. कंट्रोल ७ तास २८ ला बंद. सहा मिनिटं शिल्लक! कागदावर बसलं म्हणून खूश झालो.

इव्हेंटच्या दिवशी मागचा घोळका पायथ्याला माझ्या कागदाबरहुकूम आला, ६.१३ च्या आसपास. आणि माथ्यावर ७.३३ ला. कार्ड पुढे करताना एकाचे हात थरथरत होते, आणि मला त्याच्याकडे बघवेना. तो सावकाश नव्हता, माझा गुणाकार चुकीचा होता.

चूक कुठे झाली ते नीट समजून घ्या, कारण अनुभवी लोकही हीच करतात. सपाटीवर झगडा हवेशी असतो. तिथे ताकद पाव हिश्श्याने कमी असली तरी वेळ दहा-बारा टक्केच वाढतो. चढावर झगडा वजनाशी असतो, आणि तिथे ताकद पाव हिश्श्याने कमी म्हणजे वेळ सरळ एक तृतीयांशाने जास्त. मी १६० वॅटने चढत होतो, मागचे १२० ने. माझ्या साठ मिनिटांची त्यांची ऐंशी झाली, एकोणसत्तर नाही. सबंध राइडची सरासरी काढून चढाला लावली की अशीच फसगत होते.

म्हणून वेळेच्या नोंदीत दोन रकाने करा. तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढ असेल ते सगळं एका रकान्यात, बाकीचं दुसऱ्यात. चढाच्या रकान्यात तुमचे मिनिटं मोजूच नका, उंची मोजा. सायकलसकट ८५ किलोचा माणूस १२० वॅटने तासाला साधारण ४५० मीटर उंची चढतो. म्हणजे १० किलोमीटर, ६ टक्के, ६०० मीटरचा घाट त्याला एक तास वीस मिनिटं घेणार. घड्याळ त्याला देतं चाळीस. चाळीस मिनिटं गेली.

"पण उतारावर भरून निघतं ना!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो. नाही निघत. तोच दहा किलोमीटरचा उतार नागमोडी असेल तर सावध माणूस ताशी ३० ने उतरेल, वीस मिनिटांत. घड्याळाचे चाळीस, म्हणजे कमाई वीस. चाळीस गमावले, वीस मिळाले. वीस मिनिटं डोंगराने खाल्ली ती खाल्लीच. पण एवढ्यावरून कंट्रोलची जागा मात्र ठरते: पायथ्याला ३५ मिनिटं हातात असलेला माणूस माथ्यावर पाच मिनिटं उशिरा ठरतो आणि पलीकडच्या पायथ्याला, १२२ किलोमीटरला, पंधरा मिनिटं राखून असतो. माणूस तोच, पाय तेच. आता माझा कंट्रोल कधीही माथ्यावर नसतो. देखावा ज्याला बघायचाय तो थांबून बघेल.

या पंधरा मिनिटांत तो पाणी भरणार, लघवीला जाणार, एखादं पंक्चर काढणार. तेव्हा त्यालाही मी 'पुरेसं' म्हणत नाही. अर्धा तास हातात राहत नसेल तर कंट्रोल आणखी पुढे सरकवतो.

मार्गातला सगळ्यात मोठा चढ एकदा तरी मागच्याच्या वेगाने चढा, ताशी साडेसात किलोमीटर. पुढे ३४ आणि मागे ३४ दात्यांची चकती असेल तर पेडल मिनिटाला साठेक वेळा फिरतं. मागे सगळ्यात मोठी २८ असेल तर पन्नासच्याही खाली जातं आणि गुडघे कुरकुरायला लागतात. तिथे तुम्हाला पहिल्यांदा दिसेल की आठव्या वळणानंतर टेकायला कठडा नाही, सावली नाही, आणि 'सरासरी सहा टक्के' यात तीनशे मीटरचा बारा टक्क्यांचा तुकडा लपलेला आहे. तो तुकडा क्यूशीटवर, म्हणजे सायकलस्वारांना द्यायच्या वळणांच्या छापील यादीत, किलोमीटरसकट लिहा. उतरून ढकलत चालणाऱ्याला तो किती उरलाय एवढं तरी कळू द्या.

उतार: पायथ्याशी वळण असेल तर सूचना तीनशे मीटर आधी हवी. ताशी ५० च्या वेगात दोनशे मीटर चौदा सेकंदांत संपतात, आणि त्यात ब्रेकही लागायचा असतो. वळणावरची खडी, पुलाचे सांधे, आडवे पट्टे यांची नोंद थांबून करा, उतरता उतरता बोलून नको.

जो भाग इव्हेंटमध्ये रात्री येणार तो रात्रीच तपासा. दिवसा चकचकणारी पाटी हेडलाइटच्या झोतात येतच नाही, कारण ती डोक्याच्या वर असते.

इव्हेंटच्या आठवडाभर आधी पुन्हा एक फेरी, हवं तर गाडीतून. खोदकाम, वळवलेला रस्ता आणि बंद झालेला पाण्याचा नळ, एवढंच बघायचं असतं. क्यूशीट त्यानंतरच छापायला द्या.