पाऊस उघडल्यापासून मृगापर्यंत: आकाश पाहण्याची तयारी

विदर्भातल्या गावात आकाशनिरीक्षणाचे वर्ष ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर सुरू करावे आणि जूनमध्ये मृगाचे ढग येईपर्यंत चालवावे. पावसाळ्याचे चार महिने हिशेबात धरू नयेत. भिंतीवरच्या कालदर्शिकेत प्रत्येक अमावास्येच्या मागचे-पुढचे चार-पाच दिवस खुणा करून ठेवावेत. कोजागरीची रात्र कितीही सुंदर असली तरी अंधुक तारे तेव्हा चांदण्यात बुडतात.

जागा अशी निवडावी की दक्षिणेचे क्षितिज उघडे राहील. चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटाकडच्या गावांतून अंधारासाठी जंगलालगतच्या शेतात एकट्याने जाऊ नये, आपल्या घराचा स्लॅब बरा. जमिनीवर सतरंजी टाकण्याऐवजी बाज घ्यावी, कारण साप-विंचवाची भीती खरी आहे. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधावा आणि मोबाइल खिशात ठेवावा, कारण डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने ती मोडते. पैसे खर्च करायचेच असतील, तर स्वस्त टेलिस्कोपपेक्षा 7×50 किंवा 10×50 ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांची दुर्बीण; सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी, 50 मिलिमीटर भिंगांची) घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. याहून काळोखे आकाश हवे असल्यास पेंच व्याघ्र प्रकल्पाची सहल आखावी. महाराष्ट्रातल्या या प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली.

ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच पश्चिमेकडे कललेले अभिजित, श्रवण आणि हंस या तेजस्वी ताऱ्यांचा त्रिकोण शोधावा. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास, माथ्यापासून थोडी उत्तरेला, देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) धुरकट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी मोकळ्या ठेवाव्यात. कृषिपंपाची वीज रात्रीच मिळत असेल आणि हरभऱ्याला पाणी द्यायला जायचेच असेल, तर घोंगडी सोबत घ्यावी आणि दहानंतर मान वर करावी. या वर्षावाला कोणतेही साधन लागत नाही, आणि मध्यरात्रीनंतर उल्कांची संख्या वाढते.

जानेवारी-फेब्रुवारीत मृग नक्षत्र सर्वांत सोयीचे असते. पेरणीच्या बोलण्यातले ‘मृग’ जूनमध्ये लागते खरे, पण तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असल्याने ते तारे दिवसा उगवून दिवसाच मावळतात, म्हणून मृग पाहायचा तो थंडीतच. त्याच्या कमरेच्या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला व्याधाकडे, तर दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि कृत्तिकांकडे नेते. कमरेखालचा तेजोमेघ (वायू आणि धुळीचा उजळ ढग) द्विनेत्रीतून अवश्य पाहावा. फेब्रुवारीत नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या वर, ताणलेल्या हाताच्या साधारण दीड मुठीवर अगस्त्य चमकतो; रात्रीच्या ताऱ्यांत व्याधाखालोखाल तेजस्वी तोच.

एप्रिलमध्ये उत्तरेकडचे सप्तर्षी शोधावेत, ज्यांना काही गावांत म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर म्हणतात. शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती, आणि आणखी पुढे चित्रा सापडते. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून दोन मुठी उंच असतो.

मे महिना मात्र वाया जाऊ देऊ नये. रात्री नऊ-दहाला दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकू हा क्रुसासारखा तारकासमूह, आणि त्याच्या डावीकडे मित्र व मित्रक हे दोन तारे दिसतात. क्षितिजावर धूळ किंवा झाडे असतील तर ते हुकतात. उकाड्यामुळे स्लॅबवर झोपायचेच असते, तेव्हा अमावास्येजवळ पहाटे एक ते तीनच्या दरम्यान उठावे. लालसर ज्येष्ठा मिरवणारा वृश्चिक आणि त्याच्या शेपटीपलीकडचा धनू यांच्यामध्ये आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग दक्षिणेला असतो. तोच भाग पुढे जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी ढगांआड जातो, त्यामुळे आपल्या भागात तो मे महिन्यातच पाहून घ्यावा.

वहीत तारीख, वेळ व दिशा लिहावी. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची रांग गेली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. ते रॉकेटचे अवशेष होते. उल्का क्षणात विझते, असे अवशेष मात्र संथपणे बराच वेळ जात राहतात. काही पडलेले आढळल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे.

मृग लागला की द्विनेत्री कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, नाहीतर दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते.