चमकत्या गाडीवर चूक लपत नाही: अमेरिकन क्लासिक किट जोडताना या चुका टाळा

रणगाड्याचं मॉडेल करणाऱ्याची एक सोय असते. सांधा नीट बसला नाही, रंग खडबडीत आला, तर वरून चिखल, धूळ, गंज दाखवून वेळ मारून नेता येते. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअर या अमेरिकन गाडीच्या मॉडेलला ती सवलत नाही. ती शोरूममधून आत्ताच बाहेर आल्यासारखी दिसायला हवी, आणि तकतकीत रंगाखाली केसाएवढी रेघही उठून दिसते. म्हणून इथल्या बहुतेक चुका दिसतात रंग दिल्यावर, पण झालेल्या असतात रंगाच्या कितीतरी आधी.

डबा उघडल्यावरची घाई

एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ पासून 'थ्री इन वन' किट काढली: एकाच डब्यातून मूळ गाडी, कस्टम (मालकाच्या हौसेनुसार बदललेली) गाडी किंवा रेसची गाडी, यांपैकी एक करायची. आजही त्या साच्यांची किट मिळतात आणि तिथेच नवखे फसतात. फ्रेमवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, सुट्टा केलेला प्रत्येक भाग कुठे ना कुठे चिकटवलाच पाहिजे असं नाही. कुठली गाडी करायची ते आधी ठरवा, माहितीपत्रकातल्या नको असलेल्या आकृत्यांवर पेन्सिलने काट मारा. उरलेले भाग मात्र टाकू नका. पुढच्या गाडीला तेच इंजिन किंवा चाकांच्या त्याच चकत्या उपयोगी पडतात.

मापाकडेही लक्ष असू द्या. अमेरिकन गाड्या १:२५ आणि १:२४ अशा दोन मापांत येतात. खरी बेल एअर २०० इंच लांब. पहिल्या मापात ती बरोबर ८ इंच होते, दुसऱ्यात ८.३ इंच. एका फळीवर शेजारी ठेवल्या तर फरक लगेच डोळ्यात भरतो.

मग धुणं. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. पाणी गरम नको, पातळ खांब वाकडे होतात.

साच्याचे भाग जुळतात तिथे प्लास्टिकवर उठलेल्या रेघा कुठे असतात हे बेल एअरवर नीट पाहून घ्या: मागच्या पंखांच्या माथ्यावरून, पुढच्या मडगार्डवरून आणि छताच्या खांबांवरून. ब्लेडच्या पाठीने हलक्या हाताने खरवडा, मग ४०० आणि ६०० चा पॉलिश पेपर पाणी लावून. त्याच बैठकीत दारांच्या आणि डिकीच्या फटी थोड्या खोल करून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे थर चढले की उथळ फटी बुजतात आणि दार आहे की नुसतं चित्र, असं वाटायला लागतं.

रंगाआधीची शेवटची पायरी बहुतेकजण गाळतात: मास्किंग टेपने अख्खी गाडी कोरडी जोडून बघणं. बॉनेट बंद होतं का? एअर क्लीनर वर अडतो का? काचेवर ठेवल्यावर चारही चाकं टेकतात का? बॉनेट अडत असेल तर आत्ता इंजिनाच्या आधाराचा भाग अर्धा मिलिमीटर घासणं दोन मिनिटांचं काम आहे. रंगानंतर तेच काम म्हणजे डोक्याला ताप.

रंग: सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात

पहिला प्रश्न डब्याबाहेरचा: कुठला स्प्रे? हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा टच-अप स्प्रे स्वस्त पडतो, पण त्यातला थिनर जहाल असतो. उघड्या पॉलिस्टायरिनवर, म्हणजे किटच्या प्लास्टिकवर, थेट मारला तर पृष्ठभागावर बारीक जाळीदार तडे येतात. आधी मॉडेलसाठीच्या प्रायमरचे पातळ थर द्या, मग अशा रंगाची चाचणी फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर घ्या, आणि तिथे पास झाला तरच बॉडीवर. आणखी एक नियम पाठ करून ठेवा: लॅकरवर (झपाट्याने वाळणारा रंग) इनॅमल (सावकाश वाळणारा) चालतं, इनॅमलवर लॅकर नाही. उलटं केलंत की खालचा थर सुरकुततो आणि सगळा रंग काढण्यावाचून उपाय उरत नाही.

किट लाल प्लास्टिकचं असेल आणि गाडी हस्तिदंती किंवा फिकट पिवळी करायची असेल तर सावध. प्लास्टिकातला लाल रंग वरच्या थरांतून झिरपतो आणि काही दिवसांनी गाडी गुलाबी पडते. वरून कितीही पांढरे थर दिले तरी तो थांबत नाही. प्रायमरनंतर चंदेरी रंगाचा एक थर मध्ये द्या. तो झिरपणं अडवतो.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात लॅकर मारला की रंगावर दुधट साय येते. रंगातला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प तिथे बसतं. घासत बसू नका. कोरड्या दिवशी, जमलं तर संथ वाळणारा थिनर घातलेल्या क्लिअरचा अगदी पातळ फवारा दिला की बरेचदा साय विरघळून जाते. त्याहून बरं म्हणजे जुलैत बॉडी घासण्याची कामं उरका आणि रंग दिवाळीनंतरच्या हवेत द्या.

संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत रंग आला तर स्प्रे लांबून मारला गेला किंवा कॅन गार होता. कॅन दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, कोमटच, गॅसवर कधीही नाही. आलेली साल २००० च्या पेपरने ओली घासून आणि पॉलिश लावून जाते, पण कडांवर घासू नका. तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि क्षणात खालचा प्रायमर दिसतो.

अमेरिकेहून कुणी येणार असेल तर किट, डेकल (पाण्यात सोडवून चिकटवायची चित्रं), फॉइल जरूर मागवा. स्प्रे कॅन मात्र नको. ज्वलनशील रंगाचे कॅन विमानात ना हातातल्या बॅगेत चालतात, ना चेक-इनमध्ये.

क्रोम, काच आणि टायर

बेल एअरच्या कडेची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी, अक्षरं हे सगळं चंदेरी रंगाने ब्रशने भरणं म्हणजे हौसेवर पाणी. तिथे बेअर मेटल फॉइल, म्हणजे चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा पत्रा, हवं. ते कापताना फाटत असेल तर दोष फॉइलचा कमी, ब्लेडचा जास्त. प्रत्येक गाडीला नवं ब्लेड घ्या, कापताना दाब जवळजवळ देऊच नका. 'बेल एअर' या तिरक्या अक्षरांसाठी क्रम उलटा करा: प्रायमरवर अक्षरांपुरतं फॉइल बसवा, काडीने दाबून घ्या, मग सगळा रंग मारा. रंग ताजा असतानाच थिनरमध्ये जेमतेम ओलावलेला कापूस अक्षरांच्या माथ्यावरून फिरवला की खालचं खरं धातूचं अक्षर वर येतं. ब्रशने हा काठ कुणालाच साधत नाही.

क्रोमचे भाग चिकटत नाहीत ही नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: प्लास्टिकचा ग्लू प्लास्टिक विरघळवतो, क्रोमला नाही. सांध्यापुरता क्रोम खरवडा. पूर्ण काढायचा तर क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजत ठेवा, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून. त्या ब्लीचजवळ टॉयलेट क्लीनरसारखं आम्ल येऊ देऊ नका. विषारी वायू होतो.

काचा सुपरग्लूने लावल्या की पांढरट धुकं चढतं. काचेला फेविकॉल पुरतो, वाळल्यावर तो पारदर्शक होतो. चढलेलं धुकं बारीक पॉलिशने निघतं.

टायरची गोष्ट उशिरा कळते. व्हिनाइलच्या टायरमधलं मऊ करणारं द्रव्य वर्षानुवर्षं पाझरतं आणि चिकटून असलेलं पॉलिस्टायरिन वितळवतं. किट न उघडता ठेवायचं असलं तरी टायर वेगळ्या पिशवीत काढा. रिम आणि टायरच्या मध्ये फॉइलची पट्टी घाला.

छत कापण्याआधी

कस्टम म्हटलं की १९४९ ते ५१ ची मर्क्युरी ही अमेरिकन गाडी. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी कॅलिफोर्नियात खांब कापून छत खाली आणलेल्या मर्क्युरी, त्यातही बॉब हिरोहाताची दोन हिरव्या छटांमधली १९५१ ची, अजून या प्रकाराचा मानदंड मानल्या जातात. १:२५ मध्ये हिशेब सोपा आहे: खऱ्या गाडीतला एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळपास एक मिलिमीटर. चार इंच छत खाली आणायचं तर खांबांतून चार मिलिमीटर काढायचे.

फसगत पुढे होते. पुढचे खांब मागे कललेले, मागचे पुढे. मधला तुकडा काढून छत सरळ खाली आणलं की ते दोन्हीकडे तोकडं पडतं. ताणून चिकटवलं तर आठवड्यात खांबाला भेग. छत मधोमध आडवं कापा, पुढचा अर्धा भाग पुढच्या खांबांवर आणि मागचा मागच्यांवर बसवा, मधली फट प्लास्टिकच्या पट्टीने भरा. नुसती पुटी थापू नका. जाड पुटी प्लास्टिक मऊ करते, महिनोन् महिने आक्रसत राहते आणि रंगाखालून सांधा पुन्हा डोकं वर काढतो. किटची काच आता बसणार नाही, तेव्हा करवत उचलण्याआधीच पारदर्शक शीट आणून ठेवा.

मूळ रूपातली गाडी करणाऱ्यांसाठी थोडं बारीकसारीक. बेल एअरचं २८३ घन इंचांचं व्ही-८ इंजिन नारिंगी, आणि त्याचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, केबिनच्या भिंतीशी; फोर्डच्या सवयीने पुढे बसवू नका. प्लगच्या तारा ०.३ मिलिमीटरच्या, त्याहून जाड तार मापाबाहेर दिसते. रुंद पांढऱ्या कडेचे टायर १९५७ ला शोभतात. १९६४ च्या मस्टँगला अरुंद पट्टीच हवी. आणि कॅलिफोर्नियाची काळी नंबर प्लेट १९६३ ची आहे. नव्याकोऱ्या ५७ च्या बेल एअरवर पिवळी प्लेट आणि काळे आकडे लावा.