बाल्कनीतले टोमॅटो आणि कीड: या चुका टाळा

नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांचं कुणी ना कुणी निफाड-दिंडोरीकडे शेती करतं. त्यामुळे सगळ्यात घातक चूकही इथे सहज घडते. कुंडीतल्या टोमॅटोचं पान वळलं की काकांना फोन जातो, आणि द्राक्षबागेतलं उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीतून घरी येतं. बाटलीवर लेबल नसतं. शेतातलं प्रमाण एकराचं किंवा दोनशे लिटरच्या टाकीचं. लिटरभर पाण्याला चमच्याने अंदाज घेतला की ते हमखास चुकतं. शिवाय फवारणीनंतर ठरावीक दिवस फळ तोडायचं नसतं, आणि आपण तर सकाळी तोडून दुपारी कोशिंबीर करतो. शेजारीच कपडे वाळत असतात, लहान मुलं खेळत असतात. काकांना सल्ला जरूर विचारा, बाटली मात्र आणू नका.

दुसरी चूक म्हणजे पान न उलटता फवारणं. पांढरी माशी, मावा, लाल कोळी ही सगळी मंडळी पानाच्या खालच्या बाजूला असतात. झाड हलवल्यावर पांढरे कण उडाले तर ती पांढरी माशी. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळी दिसली तर कोळी. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो फार वाढतो. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. तेवढी पानं खुडली तरी सहसा भागतं.

निमतेल सरळ पाण्यात ओतलं तर वर तरंगतं. आधी 5 मिली तेलात थोडा पातळ साबण घोटा, मग ते लिटरभर कोमट पाण्यात मिसळा आणि त्याच दिवशी संपवा. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालून. भर उन्हात मारलं तर पानं करपतात. एका फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, म्हणून सात-आठ दिवसांनी पुन्हा. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीला लावा; माशी आली हे त्यावर लवकर कळतं.

आता कोकडा. शेंड्याची पानं बारीक, पिवळट, वर वळलेली आणि झाड खुजं राहिलेलं दिसलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. त्यावर औषध नाही. मागच्या वर्षी असं एक झाड मी जीव तुटतो म्हणून महिनाभर ठेवलं, आणि शेजारच्या दोन कुंड्याही गेल्या. आता मी आधी त्यावर निमतेल फवारते, म्हणजे माश्या उडून दुसऱ्या झाडांवर जात नाहीत. मग झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधते आणि कचऱ्यात टाकते, कंपोस्टमध्ये नाही.

आणि फळाचं बूड काळं पडून आत दबलं असेल तर कीड शोधत बसू नका. कधी कोरडी, कधी तुडुंब अशी कुंडी राहिली की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. बोट मातीत घाला, वरचा इंचभर थर कोरडा लागला की पाणी द्या.