नातेवाईक चिडून काउंटरवर आले तर

नर्सच्या रात्रपाळीत हमखास घडतं: "सलाईन केव्हाची संपलीय, कुणी बघत नाही का?" असं ओरडत कुणीतरी काउंटरवर हात आपटतो. अशा वेळी "आम्हाला एकच पेशंट आहे का?" हे वाक्य तोंडावर येतंच, पण तेवढं गिळा. काउंटरमागून बाहेर या, "चला दादा, आधी सलाईन बघू," म्हणत त्यांच्यासोबत खाटेपर्यंत चाला. चालताना आवाज आपोआप उतरतो. माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, दोन दिवस झोपलेला नसतो. आधी नळी बघा, मग बोला. "बघते" असं मोघम सांगू नका. "दहा मिनिटांत डॉक्टरांना विचारून येते" म्हणा आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी दहाव्या मिनिटाला जा. पुढचा निम्मा तमाशा तिथेच टळतो.

शिवीगाळ किंवा अंगावर येणं मात्र सोसायचं नाही. दाराकडची वाट मोकळी ठेवून उभ्या राहा, हातातला ट्रे खाली ठेवा, सिक्युरिटीला बोलवा. बोललेले शब्द जसेच्या तसे, वेळेसह लिहून इन्चार्ज सिस्टरांकडे द्या. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने नर्सवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पेशंटसमोर डॉक्टर किंवा सीनियर खेकसले, तर "सर, हे ड्यूटी रूममध्ये बोलूया" एवढंच शांतपणे म्हणा. आणि खरंच जाऊन बोला.