सुरुंग शोधायच्या टेक्नॉलॉजीत यायचंय? बेळगाव-खानापूरकडच्या पोरांसाठी थोडं अनुभवाचं

आपल्याकडं ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, घेतलेल्या पोरांचं शेवटच्या वर्षाचं एक ठरलेलं असतंय, ‘लँड माइन डिटेक्शन रोबोट’. चार चाकं, वर आर्डुइनोचा छोटा कंट्रोल बोर्ड, पुढं मेटल डिटेक्टरचं तयार किट, फरशीवर नाणं ठेवलं की बझर वाजतोय, एक्झामिनर खूश. आमच्या बॅचलाही दोन-तीन ग्रुपचा हाच प्रोजेक्ट होता. त्याला नावं ठेवत नाही मी, सुरुवात कुठून तरी होतेच की, पण त्या बझरवरनं कुणाला वाटत असेल की हे काम म्हणजे वस्तू सापडणं, तर तसं नाही. सापडतं पुष्कळ. खिळा सापडतोय, बाटलीचं झाकण, पत्र्याचा तुकडा, तारेचा तुकडा, गोळीची पुंगळी, सगळं सापडतंय. जुन्या युद्धाच्या जागी एका सुरुंगामागं असला शेकडो तुकड्यांचा कचरा निघतो आणि प्रत्येक वेळी माणसाला गुडघ्यावर बसून ते हळूहळू उकरून बघावं लागतं. म्हणून या धंद्यात डोकं कशात घालायचं, तर ‘हितं काही नाही’ हे खात्रीनं कसं सांगायचं यात. आणि ती खात्री मशिनपेक्षा मातीवर जास्त अवलंबून आहे. मला विचाराल तर आपल्या भागातल्या पोराला हितंच एक फायदा आहे, तो पुढं सांगतो.

आधी मेटल डिटेक्टर नीट समजून घ्या, यूट्यूबवरचा नको. एका कॉइलमधनं बदलता करंट सोडतात, त्याचं चुंबकीय क्षेत्र खालच्या धातूत एडी करंट, म्हणजे गोल फिरणारे छोटे करंट, तयार करतं, आणि त्या करंटचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. एवढंच. पल्स इंडक्शनवाल्यात करंट एकदम बंद करतात आणि सिग्नल कसा विरत जातो ते काही मायक्रोसेकंदांनी बघतात. आता घोळ असा की बऱ्याच सुरुंगांत धातू नावालाच असतो. अमेरिकन एम-१४ घ्या, प्लास्टिकची बॉडी, ५६ मिलिमीटर रुंद, वजन १०० ग्रॅमच्या आसपास, आत स्टीलची एक फायरिंग पिन. असले सुरुंग नंतर सापडतच नाहीत म्हणून सीसीडब्ल्यू या ठरावीक शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सुधारित प्रोटोकॉल दोनमध्ये अट घातली, १ जानेवारी १९९७ नंतर बनवलेल्या माणसाविरुद्धच्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाएवढा सिग्नल यायला पाहिजे. भारत या प्रोटोकॉलमध्ये आहे. १९९७ च्या ओटावा करारावर, ज्यात असले सुरुंग पूर्ण बंदच आहेत, त्यावर मात्र आपली सही नाही. हे माहिती असू दे, इंटरव्ह्यूला विचारतात.

तर आता माती. डिटेक्टर एवढ्या बारीक धातूला पकडायचा म्हणजे सेन्सिटिव्हिटी वाढवायची, आणि वाढवली की माती स्वतःच बोलायला लागते. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोखंडाचे ऑक्साइड असतात, त्यातले एकदम बारीक चुंबकीय कण असे असतात की करंट बंद केल्यावर त्यांचा प्रतिसादपण हळूहळूच विरतो, अगदी धातूसारखा. म्हणून अंगोला, मोझांबिक, कंबोडियासारख्या देशांत तांबड्या मातीनं चांगल्या चांगल्या मशिनना रडवलंय. आणि आपल्याकडं बघा, जांबोटी-कणकुंबीकडं जांभा, तांबडी माती, वर धो धो पाऊस. गोकाक-अथणीकडं गेलं की काळी माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल. मधी बेसाल्ट. एका जिल्ह्यात एवढ्या तऱ्हा. जर्मनीतल्या लॅबवाल्यांना असली माती ट्रकनं आणून पेटीत भरावी लागते, आपल्याला बसनं जाता येतंय. धातूच्या कचऱ्यात काम कसं असतं ते बघायचं असेल तर बेळगावच्या उद्यमबागला, कारखान्यांच्या भागात, एखाद्या मोकळ्या जागेत, मालकाला विचारून हं, डिटेक्टर फिरवा. फाउंड्रीचा चुरा, लोखंडाचे कपचे, खिळे, एक पाऊल शांत जात नाही. माझं खरं शिक्षण तिथं झालं असं म्हटलं तरी चालेल.

जीपीआर म्हणजे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, हा दुसरा खांब. हे धातू बघत नाही, खालचा पदार्थ बदलला की लाट परत येते ते बघतं, म्हणून प्लास्टिकही दिसू शकतं. थोडं गणित करूया, कारण सगळे स्क्रीनवरचे चट्टेपट्टे बघून घाबरतात. हवेत रडारची लाट एका नॅनोसेकंदात ०.३ मीटर जाते. प्रत्येक पदार्थाचा एक डायइलेक्ट्रिक आकडा असतोय, तो जेवढा मोठा तेवढी लाट हळू; मातीत तिचा वेग या आकड्याच्या वर्गमुळानं भागला जातो. कोरड्या वाळूचा आकडा ४ धरा, वेग झाला ०.१५. मध्यम ओल्या मातीचा ९, वेग ०.१. ओल्या काळ्या मातीचा २५ धरला तर ०.०६. आता स्क्रीनवर २० नॅनोसेकंदाला काहीतरी दिसलं, लाट जाऊन परत आलीय म्हणजे निम्मे धरायचे, तर वाळूत ती वस्तू दीड मीटरवर, मध्यम मातीत एक मीटरवर, काळ्या मातीत फक्त ६० सेंटिमीटरवर. स्क्रीन तीच, आकडा तोच, खोली तिप्पट-चौपट नाही पण अडीचपट बदलली! ज्यानं माती विचारली नाही त्यानं कितीही भारी सॉफ्टवेअर वापरू दे, उत्तर चुकणार. शिवाय चिकणमाती ओली असली की लाट खाऊनच टाकते, खालचं काही परत येतच नाही, आषाढात अथणीकडं जीपीआर घेऊन जाण्यात काही अर्थ नाही.

स्क्रीनवर गोल वस्तू हायपरबोलासारखी, म्हणजे कमानीसारखी दिसते कारण अँटेना लांब असताना तिरकं अंतर जास्त, बरोबर वस्तूच्या वर आली की कमी, परत लांब गेली की जास्त. त्या कमानीच्या पसरटपणावरनं वेगही काढता येतो. फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर खोल बघायचं असेल तर कमी, बारीक बघायचं असेल तर जास्त. पाइपलाइनला काहीशे मेगाहर्ट्झ चालतात, सुरुंग वरच्या वीतभर मातीत असतात म्हणून तिथं गिगाहर्ट्झपर्यंत जातात.

आणि एक गंमत, म्हणजे काम करणाऱ्याला गंमत नाही ती. टीएनटीचा डायइलेक्ट्रिक आकडा ३ च्या जवळ, कोरड्या वाळूचाही ३-४. म्हणजे कोरड्या वाळूत, जिथं रडार मस्त खोल जातंय, तिथंच प्लास्टिकचा सुरुंग वाळूसारखाच दिसतो. ओल्या मातीत फरक उठून दिसतो पण लाट मरते. असं दोन्हीकडनं अडकवलेलं आहे. म्हणून आता हातातल्या एकाच दांड्यावर डिटेक्टर आणि रडार दोन्ही बसवतात. अमेरिकन सैन्याचं पीएसएस-१४, माइनहाउंड, जपानच्या तोहोकू विद्यापीठात प्रा. मोतोयुकी सातो यांच्या ग्रुपचं अ‍ॅलिस, ही नावं वाचून ठेवा. डिटेक्टर म्हणतो धातू आहे, रडार म्हणतं त्याच्याभोवती डबीएवढं काही नाही, मग तो नुसता खिळा असायची शक्यता वाढते. उकरायचं वाचतं.

वासाचंही एक तंत्र आहे, कुत्री, आणि टांझानियातले मोठ्या जातीचे उंदीर. अपोपो ही संस्था ते उंदीर तयार करते. मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये शौर्याचं गोल्ड मेडल मिळालं. किलो-सव्वा किलोचा प्राणी, त्याच्या वजनानं सुरुंग फुटत नाही, आणि खिळ्याकडं तो ढुंकून बघत नाही कारण त्याला टीएनटीचाच वास शिकवलेला. इंजिनिअर लोकांनी नम्र व्हावं असं प्रकरण आहे ते.

सेफ्टीबद्दल स्पष्ट सांगतो. शिकणाऱ्या पोरांचा खऱ्या सुरुंगाशी काहीही संबंध येत नाही, येऊ द्यायचा नाही. प्रॅक्टिससाठी प्लास्टिकच्या डबीत मेण भरून पुरतात, मेणाचा आकडा स्फोटकाच्या जवळपास येतो, आत एक छोटी पिन टाकायची, झालं. डबी कुठं पुरली आणि किती खोल हे वहीत लिहायचं आणि शोधणाऱ्याला सांगायचं नाही. काही रिकामे खड्डेही करून बुजवायचे, कारण नुसती हलवलेली मातीपण रडारला वेगळी दिसते. खऱ्या फिल्डवर काम करणारे प्रॉडर, म्हणजे माती टोचून बघायची सळी, साधारण ३० अंशाच्या तिरक्या कोनात खुपसतात, म्हणजे टोक सुरुंगाच्या वर न लागता बाजूला लागतं, आणि ते ट्रेनिंग, जॅकेट, व्हायझर, आखलेली लेन, ठरलेल्या इंटरनॅशनल माइन अ‍ॅक्शन स्टँडर्ड्सप्रमाणंच होतं. शेतात नांगरताना जुना गोळा बिळा निघाला तर हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, लोकांना लांब करायचं आणि ११२ ला फोन. पोलिसांचं बॉम्ब पथक बघेल.

आता एक त्रास आधीच सांगून ठेवतो. तुमच्याकडं जमिनीखालचं दिसणारं मशिन आहे हे गावात कळलं की गुप्तधनवाले येणार. जीपीआरची गाडी दिसते लहान पोराच्या बाबागाडीसारखी, पण लोकांना त्यात सोनंच दिसतंय. ‘तात्यांच्या परड्यात हंडा आहे म्हणत्यात, एकदा फिरव की वो, निम्मं तुझं’. मी सरळ सांगतो, गुप्तधनासाठी ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, जमिनीत पुरलेलं किमती काही निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. कलेक्टरचं नाव काढलं की मंडळी चहा पिऊन जातात. बोअरचं पाणी बघायला बोलवणारेही येतात, ते मात्र वेगळं शास्त्र आहे, जमिनीचा विजेला होणारा विरोध मोजणारा रेझिस्टिव्हिटी सर्व्हे शिकलात तर हातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्यापेक्षा चार पैसे बरे मिळतील.

शिक्षणाचं. व्हीटीयू, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीखाली ईसी करत असाल तर सिग्नल प्रोसेसिंग आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हे दोन विषय नुसते पास होऊन सोडू नका, पोरं नेमका फिल्ड थिअरीचा पेपर टाळतात आणि हितं सगळी भाकरी त्याच्यावर आहे. बीएस्सी फिजिक्स-मॅथ्सवाल्यांनी जिओफिजिक्सकडं बघावं, जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईला अप्लाइड जिओफिजिक्स आहे, हैदराबादला उस्मानिया आहे, एनजीआरआय ही जिओफिजिक्सची राष्ट्रीय संशोधन संस्था तिथंच. गेट परीक्षेला ईसी पेपर, नाही तर जीजी म्हणजे जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा, त्यात जिओफिजिक्सचा वेगळा सेक्शन असतोय. डीआरडीओत सायंटिस्ट ‘बी’ या पदाची निवड गेटच्या स्कोअरवरनं पुढं जाते. पुण्यात दिघीला त्यांची आर अँड डीई इंजिनिअर्स लॅब आहे, बॉम्ब हाताळणारा ‘दक्ष’ रोबोट तिथला. सैन्यातनं जायचं असेल तर बेळगावच्या पोराला आधी मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच आठवतंय, साहजिक आहे, पण सुरुंगाचं काम सॅपर्सचं, सैन्यातल्या इंजिनिअर तुकड्यांचं, म्हणजे खडकीची बॉम्बे सॅपर्स, बेंगळूरची मद्रास सॅपर्स, रुरकीची बंगाल सॅपर्स. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, २००१-०२ ला, पश्चिम सीमेवर पेरलेले सुरुंग परत काढायचं काम त्यांनीच केलं.

पण खरं सांगायचं तर पहिली नोकरी सुरुंगाची मिळत नाही, भारतात सिव्हिल लोकांना ती जवळपास नाहीच. पहिली नोकरी मिळते युटिलिटी सर्व्हेत, रस्त्याखालचे पाणी, गॅस, केबल शोधायचं. त्यात कमीपणा मानू नका. तेच रडार, तीच माती, तोच प्रश्न, खाली काय आहे आणि काय नाही. फरक एवढाच की चुकलं तर केबल तुटते. मार्च २०२३ ला केंद्र सरकारनं ‘कॉल बिफोर यू डिग’ अ‍ॅप काढलं, खणायच्या आधी कळवायचं म्हणून, त्यामुळं अशा सर्व्हेची गरज पटायला लागलीय. पगार सुरुवातीला बेताचाच, ऊन भरपूर, रात्रपाळीत रस्ता अडवून काम. आपल्या पोरांचं एक बरं असतंय, मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतंय, साइटवर हुबळीचा मुकादम असू दे नाही तर कोल्हापूरचा, काम अडत नाही. कन्नड वाचायलाही शिका, नगरपालिकेचे कागद-नकाशे कन्नडमधनं असू शकतात.

मशिन विकत घ्यायच्या नादाला लागू नका, जीपीआर लाखांत जातंय. जीपीआरमॅक्स नावाचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एडिनबर्ग विद्यापीठात सुरू झालेलं, पायथनमधनं चालतं. त्यात माती तुम्ही ठरवायची, डबी तुम्ही पुरायची, लाट सोडून स्क्रीन कशी दिसते बघायची. आधी आकडा ४ घालून बघा, मग तीच डबी २५ च्या मातीत, थोडी कंडक्टिव्हिटी, म्हणजे मातीतनं वीज जायची क्षमता, घालून. साधा टू-डी मॉडेल आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतोय, थ्री-डी करायला गेलात की रात्रभर बसतोय, तेव्हा एनव्हिडियाचं कार्ड असलेला कॉलेजचा एखादा पीसी मागून घ्या.