ओहोटीला खडकातले जीव कसे बघायचे

पहिलं काम टायमिंगचं. अमावस्या नाहीतर पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस पकडा, तेव्हा उधाण असतं, पाणी चढतं तेवढंच लांब उतरतं पण. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं मागे हटतच नाही, फेरी फुकट जाते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे द्वितीयेला दोनची पाऊणपट दीड, दीडला भरती आणि साधारण सहा तासांनी साडेसातच्या सुमाराला ओहोटी. हा अंदाज झाला, मोबाईलवर टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघूनच निघा आणि ओहोटीच्या पाण्याची उंची १ मीटरच्या खाली असेल तोच दिवस घ्या.

जागा म्हणाल तर मुंबईत हाजी अली, बँडस्टँड, कार्टर रोडचे खडक. रबरी सोलचे बूट घाला, शेवाळावर चप्पल टिकत नाही. ओहोटीच्या तासभर आधी पोचा.

आता खरी गोष्ट, चालू नका, बसा. एका डबक्याशी आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसायचं आणि दहा मिनिटं हलायचं नाही, कारण आपण पोचलो की सगळे लपतात आणि लोकांना वाटतं इथे काहीच नाही. मग एकेक दिसायला लागतं. तो जेलीचा गोळा चिकटलाय ना, ते समुद्रफूल आहे, सी अ‍ॅनेमोन, पाणी गेल्यावर वाळू नये म्हणून सगळे हात आत ओढून घेतलेत त्याने. दगडावरची कालवं आणि बार्नकल, म्हणजे खडकाला चिकटलेले छोटे कवचवाले जीव, दार घट्ट लावून आतल्या ओलाव्यावर पुढची भरती येईपर्यंत काढतात. सगळ्यांची धडपड एकच, पाणी धरून ठेवायचं!

तुरुतुरु चालणारा शंख दिसला तर आत बहुतेक शंखातला खेकडा, हर्मिट क्रॅब, आहे. त्याचं पोट मऊ असतं, त्यावर कडक कवच नाही, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख घालतो आणि वाढला की मोठा शोधतो. म्हणून प्लीज रिकामे शंख घरी नेऊ नका, मला हे दर वेळी खूप लागतं, मुलं पिशवी भरून नेतात आणि आईबाप कौतुक करतात, पण ती कोणाची तरी पुढची घरं असतात. शिवाय आयस्क्रीमच्या कोनासारखा नक्षीदार शंख तर हातात घेऊच नका, आत जिवंत गोगलगाय असली तर तिचा दंश विषारी असतो.

तिवरांच्या चिखलात निवटी बघा. मासा असून बाहेर उड्या मारते, ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून श्वास घेते, कल्ल्यांत पाणी साठवते, म्हणूनच मधूनमधून चिखलात लोळून अंग ओलं करत असते. जुहूच्या वाळूत बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ती छोट्या खेकड्यांची, वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात.

दगड उलटलात तर हळूच होता तसा परत ठेवा, खालच्या बाजूला अंडी असतात, ऊन लागलं की गेली. पावसाळ्यात जाऊच नका, लाटांचा भरवसा नाही आणि ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे निळे जीव, किनाऱ्याला लागतात, ते मेलेले असले तरी डंख मारतात.

पाणी फिरलं की लगेच निघायचं, ते समोरून येताना दिसतं पण तुमच्या मागच्या घळीत आधी भरलेलं असतं. वर सुरक्षित जागी येऊन पाच मिनिटं थांबा मात्र, काठाजवळच्या एखाद्या डबक्यात पाणी शिरलं की तोच जेलीचा गोळा फुलासारखा उघडताना दिसेल.