पहिलं बाळंतपण माहेरी असलं तरी बापाने काय काय करायचं

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे होतं काय की पहिले दोन-तीन महिने बाप रविवारचा पाहुणा, जावईबापूंना चहा-पोहे, बाळ पाच मिनिटं मांडीवर आणि ते रडलं की कुणीतरी लगेच उचलून नेतं. बाप म्हणजे फक्त पैसे आणणारा हे इथूनच सुरू होतं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पहिलं काम, बाळ रडलं तरी लगेच परत द्यायचं नाही.

अंगावर पाजणं सोडलं तर बाकी सगळं बापाला जमतं. आधी ढेकर काढायला शिका. खांद्यावर धुतलेलं दुपटं टाका, बाळाची हनुवटी त्यावर येईल असं उभं धरा, एक हात ढुंगणाखाली आणि दुसऱ्याने मान सांभाळत पाठीवर हलकं थोपटायचं. थोडं दूध बाहेर आलं तर घाबरू नका, नंतर झोपवताना मात्र पाठीवरच झोपवा. शर्ट काढून, फक्त लंगोट-टोपीतलं बाळ उघड्या छातीवर घेऊन वरून पांघरूण घ्या, ही ऊब बापाकडूनही मिळते, फक्त तेव्हा तुम्ही स्वतः झोपू नका.

सासूबाई म्हणतील पुरुषांचं काम नाही हे. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांमध्ये बाप दिवसातला जवळपास अर्धा वेळ बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात. आणि फिलिपिन्समधल्या सेबूच्या पुरुषांवर 2011 साली आलेल्या अभ्यासात दिसलं की बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरतं, रोज 3 तास किंवा जास्त बाळाचं करणाऱ्यांचं तर आणखी कमी असतं, म्हणजे शरीरसुद्धा बदलतं हो!

कागदपत्रं तुमच्याकडे घ्या. जन्मनोंदणी 21 दिवसांत, नावांचं स्पेलिंग स्वतः तपासा. लसीही तुमच्याकडेच, जन्मतः बीसीजी (क्षयाची), पोलिओ, हेपटायटीस बी (काविळीची), मग 6, 10, 14 आठवड्यांचे डोस, त्या दिवशी तुम्हीच न्या.

रजा बारशात संपवू नका. केंद्र सरकारी नोकरीत 15 दिवस मिळतात आणि बाळ 6 महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात, खाजगीत कायदा नाही म्हणून एचआरला आधीच विचारा. खरी गरज बायको बाळाला घेऊन सासरी येते तेव्हा असते कारण तिथे तिची आई नसते. ती दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल किंवा बाळाकडे बघावंसंच वाटत नाही म्हणाली तर "होतं असं" म्हणून सोडून देऊ नका, सरळ डॉक्टरकडे घेऊन जा.